पाच डॉक्टरांचे पथक आणि आपले नागपूरचे चोळकर

देवळाच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी इतिहासावर एक लेख द्यावा, असा समितीच्या मंडळींनी आग्रह धरला, तेव्हा सावलीकर म्हणून माझ्या मनात साहजिकच पहिल्याने सन १९३६ उभे राहिले. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चच्या पहिल्या आठवड्यात गांधी सेवा संघाचे संमेलन आपल्या या गावी भरले आणि महात्मा गांधी त्यासाठी सावलीत येऊन राहिले. जमनालालजी बजाज यांनी १९२३ साली स्थापन केलेल्या या संघाचे कार्यकर्ते देशभर विखुरलेले होते. निरनिराळ्या प्रांतांची, निरनिराळ्या भाषांची ती माणसे चांदा जिल्ह्यातील एका खादीच्या गावी आठवडाभर एकत्र राहिली. त्या संमेलनाची हकीगत गावातील जुन्या घरांतून आपण सर्वांनी ऐकलेली आहे. म्हणून ती येथे पुन्हा उगाळीत नाही.

मला सांगावयाची आहे ती त्यानंतर अडीच वर्षांनी घडलेली गोष्ट. तिच्यातही निरनिराळ्या प्रांतांची माणसे एकत्र आली. मात्र ती पाचच होती आणि त्यांना जावयाचे होते ते थेट परमुलखातील रणभूमीवर. त्या पाचांपैकी दोघे मराठी. एकाचे नाव शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. दुसरे आपल्या नागपूरचे, म्हणजे काँग्रेसच्या त्या वेळच्या प्रांतरचनेप्रमाणे आपल्याच प्रांताचे. कारण नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा हे चार जिल्हे तेव्हा एकाच प्रांतिक कमिटीखाली होते. त्यांचे नाव डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर. हे नाव आपल्या भागात किती जणांना माहीत आहे, हा प्रश्न वाचकांनी स्वतःलाच विचारून पाहावा.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. ७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळच्या एका पुलावर जपानी व चिनी फौजांची चकमक झाली आणि तिच्यातून मोठे युद्ध पेटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चीनची राजधानी नानकिंग पडली. चिनी सैन्यापाशी शूर माणसे होती, पण डॉक्टर फार थोडे. साध्या जखमेवर वेळेत पट्टी न बांधली गेल्याने शिपाई दगावत. अशा वेळी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू तेह यांनी १९३७ च्या नोव्हेंबरात पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. पत्र लिहिण्याची कल्पना अॅग्नेस स्मेडली या अमेरिकन लेखिकेची होती, असे सांगतात.

काँग्रेसपुढे प्रश्न सोपा नव्हता. देश इंग्रजांच्या ताब्यात, हाती ना सैन्य ना परराष्ट्र खाते. आणि संस्था अहिंसेच्या मार्गाने चाललेली. बंदूक घेऊन कोणाच्या मदतीस जाणे शक्य नव्हते आणि मान्यही नव्हते. परंतु जखम बांधण्यास कोणाची हरकत असणार? १९३८ साली हरिपुरा काँग्रेसचे अध्यक्षपद सुभाषचंद्र बोस यांच्याकडे आले. त्यांनी ३० जून १९३८ रोजी जनतेस आवाहन केले. ठिकठिकाणी चीन-दिन पाळण्यात आले, लोकांनी पैसा-आणा दिला आणि सुमारे २२,००० रुपये जमले. त्या पैशातून औषधे, शस्त्रक्रियेची हत्यारे, रुग्णवाहिका वगैरे सामान घेतले गेले. वर्गणीच्या पावत्या फाडण्याचे काम ज्यांनी या वर्षी आपल्या देवळासाठी केले आहे, त्यांना आण्याआण्याने रक्कम उभी करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

याच सुमारास, जुलै १९३८ मध्ये, आपल्या मध्यप्रांतात वेगळाच गदारोळ उडाला होता. मुख्यमंत्री (तेव्हा त्यांना पंतप्रधान म्हणत) डॉ. नारायण भास्कर खरे यांनी राजीनामा दिला, वर्ध्यास वर्किंग कमिटीची बैठक बसली आणि पंडित रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळ आले. एका नागपूरकर डॉक्टराच्या मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांचा मेळ तुटत होता, त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात दुसरे एक नागपूरकर डॉक्टर अनोळखी चौघांशी मेळ घालून समुद्रापार जाण्याच्या तयारीत होते. वर्तमानपत्रांचे रकाने अर्थातच पहिल्या प्रकरणाने भरले.

आता हे पाच जण कोण, ते पाहू. पथकाचे प्रमुख डॉ. मदन मोहनलाल अटल, अलाहाबादचे. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले, म्हणजे पाचांत रणभूमी पाहिलेले बहुधा तेवढेच. उपप्रमुख डॉ. चोळकर, पन्नाशी उलटलेले, ज्या वयात आपल्याकडे माणूस मुलाबाळांवर कारभार सोपवून देवळाच्या ओट्यावर बसू लागतो, त्या वयाचे. बाकीचे तिघे तरुण. डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी हे कलकत्त्याचे, आणि डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस सोलापूरचे. कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते पुढील अभ्यासाच्या तयारीत होते. दोघे वडीलधारे, तिघे तरुण. दोन मराठी, दोन बंगाली, एक हिंदुस्थानी. राजकारणाची मतेही सगळ्यांची एक नव्हती.

सैन्यात अशी माणसे एकत्र आणून जहाजावर चढवीत नाहीत. पलटण कशी उभी राहते हे आपल्या लोकांना ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात इराकच्या वाळवंटात लढलेल्या मराठा पलटणींचे शिपाई सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर अशा ठराविक मुलखांतले. भरतीला येणाऱ्या पोराचा चुलता नाही तर मामा आधीच पलटणीत हवालदार असे. महिनोन्‌महिने एक कवाईत, एक लंगर, एक बोली. कूतच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत जे सैन्य अडकून पडले, त्यात १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. उपासमारीत त्या इतके दिवस टिकल्या, याचे कारण शोधणाऱ्याने बंदुकीइतकेच त्या गावकीच्या नात्याकडेही पाहिले पाहिजे. आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर महार रेजिमेंटचे घ्या. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास तिची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण १९४२ साली आपल्या कामठीला उभी राहिली व पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेली. १८९० नंतरच्या काळात सैन्याचे दार या समाजाला बंद झाले होते; पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, पण युद्ध संपताच तीही मोडण्यात आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती गोष्ट सरकारपुढे सतत मांडली आणि दार पुन्हा उघडले. नवी पलटण घडविण्यासाठी दुसऱ्या पलटणींतले जुने, अनुभवी अधिकारी आणावे लागले. कारण बंदूक चालविण्यास काही महिन्यांत शिकविता येते, एकमेकांवर विसंबण्यास मात्र कोणी तरी आधी विसंबलेला माणूस सोबत लागतो.

या पाच डॉक्टरांना ना कवाईत मिळाली, ना लंगर, ना आधीची ओळख. ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत ती एकत्र आली, सरोजिनी नायडूंच्या उपस्थितीत निरोपाची सभा झाली आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने त्यांनी मुंबई सोडली. १७ सप्टेंबरला ती कॅन्टनला पोचली. म्हणजे एकमेकांना जाणून घेण्यास मिळाला तो सोळा-सतरा दिवसांचा जलप्रवास. डेकवर बसून त्यांनी काय बोलणी केली असतील, कोण कोणाच्या समुद्राच्या उलट्यांवर औषध देत असेल, याची कल्पनाच करावी. (ती बोटही पुढे युद्धाच्या कामी घेतली गेली आणि १९४१ च्या एप्रिलात जर्मन पाणबुडीने उत्तर अटलांटिकात बुडविली.)

कॅन्टनमध्ये सन्‌ यत्‌सेन यांच्या पत्नीने त्यांचे स्वागत केले. तेथून ते हांकौला गेले व चिनी रेडक्रॉसच्या इस्पितळांतून काम करू लागले. पण त्यांच्या पाठोपाठ युद्धही सरकत होते. ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवडाभरात कॅन्टन आणि हांकौ दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती गेली. पथक मागे हटत इचांगमार्गे चुंगकिंगला पोचले. आल्यापासून दीड महिन्याच्या आत ज्या बंदरात पाय ठेवला तेच शत्रूकडे गेलेले. परतीची साधी वाटही उरलेली नाही. पथक खऱ्या अर्थाने जुळले असेल तर ते या माघारीत, असे मला वाटते.

या काळातील एक गोष्ट मोठी मौजेची आहे. चीनमध्ये परदेशी नाव उच्चारता येत नाही, म्हणून पाहुण्याला चिनी नाव देण्याची रीत आहे. या पाचांना नावे दिली गेली तेव्हा प्रत्येकाच्या नावाच्या अखेरीस ‘हुआ’ हे अक्षर जोडण्यात आले. हुआ म्हणजे चीन. अटल झाले आय दहुआ, चोळकर झाले च्वो केहुआ, कोटणीस के दीहुआ, बसू बा सूहुआ आणि मुखर्जी मू केहुआ. आपल्याकडे सख्ख्या भावांच्या नावांत जसे ‘राव’ किंवा ‘लाल’ सारखे यावे, तसे परक्या मुलखात हे पाच जण एका अक्षराने भाऊ झाले. अलाहाबादचा काश्मिरी पंडित, नागपूरचा मराठी गृहस्थ आणि कलकत्त्याचा बंगाली तरुण यांची जात-भाषा चिन्यांना काय कळणार! त्यांच्या लेखी ही एकाच घरची माणसे.

चुंगकिंगच्या सरकारला पथकाने कम्युनिस्टांच्या मुलखात जावे असे फारसे वाटत नव्हते. पण ज्यांनी मदत मागितली त्यांच्यापर्यंत पोचल्याशिवाय आलो कशाला, असा पाचांचा निश्चय होता. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोचले. उत्तर चीनच्या पिवळ्या मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहांतून तेथे माणसे राहात, इस्पितळही तसेच. खाण्यास मुख्यतः राळे. आपल्याकडे राळ्याची भाकर जुन्या माणसांना ठाऊक आहे. धानाच्या मुलखातून गेलेल्या माणसाला रोज राळ्यावर दिवस काढणे काय वाटले असेल, हे सावलीकरांनी ओळखावे. थंडी हाडे फोडणारी. अंगावर सैनिकांसारखाच रुई भरलेला सुती गणवेष. येथे ते पाहुणे राहिले नाहीत, फौजेचा भाग झाले.

आणि येथेच पथकाला पहिली गळती लागली. १९३९ मध्ये वयाकडे व प्रकृतीकडे पाहून चोळकरांना हिंदुस्थानात परतावे लागले. मूत्रपिंडाच्या विकारामुळे मुखर्जींनाही परतावे लागले. पाचाचे तीन उरले.

शाळेत इतिहास शिकविताना मी दरवर्षी मुलांना विचारीत असे, “कोटणिसांबरोबर आणखी कोण गेले होते?” उत्तर कधी आले नाही. एकदा एका चुणचुणीत मुलाने उलट विचारले, “गुरुजी, जे परत आले त्यांचे नाव कशाला लक्षात ठेवायचे?” त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो. पन्नाशी उलटलेला माणूस घरदार सोडून निघाला नसता तर तीन पोरसवदा तरुण आणि एक प्रमुख एवढ्यावर ते पथक निघाले असते. बोटीवर, हांकौच्या बाँबहल्ल्यांत, माघारीच्या वाटेवर, जेथे पथक जुळले तेथे सर्वत्र चोळकर होते. भिंत उभी राहिल्यावर परांची काढून घेतात, म्हणून परांची नव्हती असे होत नाही. आपल्या या देवळाच्या कामातही पायाच्या खोदाईस राबलेले काहीजण पुढे आजारपणाने येऊ शकले नाहीत. कळसाच्या वेळी वेगळीच माणसे होती. समितीने यादीत दोघांचीही नावे घातली आहेत, हे फार योग्य केले.

उरलेल्या तिघांची हकीगत थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर १९३९ मध्ये ते आघाडीकडे निघाले. त्याच महिन्यात, १२ तारखेला, आघाडीवर शस्त्रक्रिया करणारे कॅनडाचे थोर डॉक्टर नॉर्मन बेथ्यून हे शस्त्रक्रियेत बोटाला झालेली जखम चिघळून वारले. ज्यांच्या हाताखाली काम करावयाचे, ते भेटण्याआधीच गेले. अटल यांना त्वचेच्या विकाराने गाठले व १९४० साली ते परतले. आता दोनच, कोटणीस आणि बसू. दोघांनी चिनी भाषा आत्मसात केली. १९४० च्या मोठ्या चढाईत दोघांनी वेगवेगळ्या बाजूंना काम वाटून घेतले. कोटणिसांकडे १३ दिवसांत ८०० च्या वर जखमी आले, असे नमूद आहे. नंतर बसू येनानच्या इस्पितळात परतले आणि कोटणीस आघाडीच्या बाजूलाच राहिले. पाचांचे पथक दोन ठिकाणी एकेकट्या माणसांत वाटले गेले.

मधल्या काळात कोटणिसांचे वडील वारल्याची बातमी चीनमध्येच त्यांना मिळाली. मुलाला चीनला जाण्याची परवानगी देणारे हेच वडील. अशा वेळी परत जाण्यास कोणी बोल लावला नसता. कोटणीस गेले नाहीत. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाची जबाबदारी त्यांच्यावर आली. तेथील परिचारिका-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी १९४१ च्या नोव्हेंबरात विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. पाच भावांचे ते अक्षर पुढच्या पिढीतही उतरले. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस वारले. वय ३२.

बसू १९४३ साली एकटे हिंदुस्थानात आले. त्यांनी रोज लिहिलेली टिपणे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि पाचांच्या पथकाविषयी आज जे काही कळते, त्यातील पुष्कळसे त्या टिपणांमुळेच. एकाने वाचवून आणलेली ही पाचांची शिदोरी.

१९४४ साली ख्वाजा अहमद अब्बास यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. ‘आणि एक परतला नाही’ असा त्याच्या नावाचा अर्थ. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला व स्वतः कोटणिसांची भूमिका केली. पुस्तकाच्या नावातच परतलेले चौघे आडून का होईना उभे आहेत. बोलपट पाहून उठणाऱ्याच्या मनात मात्र एकच उरला. त्यात शांतारामबापूंचा दोष नाही. गोष्ट सांगायला नायक एकच सोयीचा पडतो.

कोटणिसांची समाधी उत्तर चीनमधील शीज्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. क्वो छिंगलान पुढे अनेकदा भारतात सासरच्या माणसांकडे येऊन गेल्या. २०१२ साली त्या वारल्या. पथकाचे प्रमुख अटल १९५७ साली निवर्तले. त्यांच्या अस्थी चीनला नेण्यात आल्या आणि त्याच स्मशानभूमीत, ज्या तरुणाला त्यांनी मुंबईहून बरोबर नेले होते त्याच्या सोबतीला ठेवण्यात आल्या. तेथील दगडावर त्यांचे नाव आहे, आय दहुआ.